गोगलगाय, नग एक

परिपत्रक गुरुवारी दुपारी आलं,
सुट्टीच्या तोंडावर येतात तसं.
दीड पान. वर अरबी, खाली भाषांतर, कोपऱ्यात निळा शिक्का.
इतकं सौम्य की आईची म्हण आठवली:
गोगलगाय अन् पोटात पाय.

पाय तिसऱ्या परिच्छेदात होते.
तपासणीचं शुल्क यापुढे वजनावर नाही,
कंटेनरवर.
फेरतपासणी वेगळी. धुरी वेगळी.
काम सूर्यास्तापलीकडे गेलं तर तो दर वेगळा.
आणि जैवसुरक्षा अधिभार, नावच एवढं जड
की रकान्यात मावेना.
मी "जै. अधि." लिहिलं.

सोहार बंदराच्या गेटाबाहेर आमचं क्लिअरिंगचं ऑफिस,
दोन टेबलं, एक एसी, खजुराची बरणी,
आणि चौदा वर्षं दुसऱ्यांच्या मालाचे आकडे भरणारी मी.
इथे रियालच्या टिंबापुढे तीन घरं.
पहिल्या वर्षी मी तिसरं सोडून द्यायचे.
साहेब म्हणाले, बाई, हजार बैशांचा रियाल,
शेवटच्या घरातही कुणीतरी राहतं.

इम्तियाज मुकादम दापोलीकडचे.
त्यांचा माल म्हणजे अर्धा कंटेनर:
सोललेले नारळ, केळीची पानं, थोडी ओली हळद.
उरलेल्या अर्ध्यात कुणाचे तरी लोण्याचे खोके.
अधिभार मात्र अख्ख्याचा.
"लोणीवाला का नाही भरत अर्धा, पोरी?"
मी चाळिशी ओलांडली, तरी ते पोरीच म्हणतात.
"लोण्याला कीड नाही, चाचा.
आणि खालचं लाकूड भाजलेलं, शिक्क्याचं."

झुवैना आली तेव्हा सूर्यास्ताला चाळीस मिनिटं होती.
मी घड्याळ बघत होते, मुकादम समुद्र.
तिच्याकडे टॉर्च, भिंग, चिमटा.
एकदा म्हणाली होती, आजोबांची बाग
सोंड्या भुंग्यानं आतून खाल्ली.
रात्री खजुराच्या खोडाला कान लावला
की अळ्यांचं चावणं ऐकू यायचं.
तो तुमच्याकडून आला, म्हणाली,
तुमच्या म्हणजे,
आणि पूर्वेला कुठेतरी हात केला.
तेव्हापासून तिच्याशी घासाघीस
मला जमलेली नाही.

सातव्या गठ्ठ्यात सापडली.
नखाएवढी. शिंगं बाहेर.
सहा दिवस रीफरच्या थंडीत काढून
पाठीवर चिखलाचा ठिपका अजून ओला.

"हिचे किती?" मुकादमांनी विचारलं.
तोवर सूर्य बुडाला होता.
मी बेरीज केली, फेरतपासणी, धुरी, रात्रीचा दर.
नारळांचा सगळा नफा, वर अकरा रियाल.
ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.
वाकून बाटलीतल्या तिला म्हणाले,
"बये, विमानानं आली असतीस
तर स्वस्तात पडलीस असती."

झुवैनानं बाटलीवर चिठ्ठी लावली,
फॉर्म माझ्याकडे सरकवला.
मूळ देश, भारत.
नग, एक.
घोषित मूल्य.
मी शून्य लिहिलं, टिंब दिलं,
पुढे तीन शून्यं, तिसरं न विसरता.

माझ्या फाइलीतही असा एक कागद आहे.
छातीचा फोटो, रक्त, पावती.
दर तेव्हा कमी होता.

शेऱ्याचा रकाना झुवैनानं स्वतः भरला,
उजवीकडून डावीकडे, सावकाश.
"काय लिहिलंन तिनं?" मुकादम.
चौदा वर्षांत एवढं वाचता येतं.
"चालत होती."

ते काही बोलले नाहीत.
उरलेली पानं मोजायला गेले.